ओलेटाबाईंनी न टिपलेलं वाक्य

ईडन फोर्कच्या कोर्टात ओलेटाबाई टॅकेट एकतीस वर्षं स्टेनो होत्या. साक्षीदार काय बोलला, वकील काय बोलले, जज्जसाहेब काय म्हणाले, ते सगळं तीन पायांच्या छोट्या मशीनवर टिपायचं, मग घरी नेऊन टाइप करायचं आणि शेवटच्या पानावर 'हे खरं आणि पुरतं आहे' असं लिहून सही ठोकायची. त्या सहीवर आमच्या टर्नबो काउंटीत कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी खालच्या मजल्यावर क्लार्कच्या ऑफिसात शिक्के मारायला होते, त्यामुळं त्यांचे गठ्ठे माझ्याच हातून राजधानीला, अपीलाच्या कोर्टात जायचे. वीस वर्षांत एकाही पानावर खाडाखोड बघितली नाही.

हे त्यांच्यात आलं कुठून, तर बापाकडून. बाप लाकूड कापायच्या गिरणीवर होता. त्या करवतीच्या आवाजानं चाळिशीतच त्याचे दोन्ही कान नेले. मग कुणी घरी आलं की छोटी ओलेटा बापाच्या पुढ्यात उभी राहायची आणि पाहुणा बोलेल ते तोंड मोठं करून बापाला सांगायची. बापाला गोळाबेरीज चालायची नाही. "तो रागावलाय" असं पोरीनं सांगितलं की म्हणायचा, "रागावलाय ते मला दिसतंय. म्हणाला काय, ते सांग." असं दहा वर्षं केल्यावर तिला दुसरं कुठलं काम जमणार होतं?

नवरा होता, होबार्ट नावाचा. तो डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला आणि तिकडंच रमला. मूलबाळ नव्हतं. त्याचं नाव निघालं की बाई म्हणायच्या, "जाताना म्हणाला होता, 'शनिवारी येतो.' कुठल्या शनिवारी ते म्हणाला नव्हता. माझ्या नोंदीत तसंच आहे." एवढं बोलून मटार सोलत बसायच्या.

एक खोड मात्र होती. कुणीही बोलायला लागलं की त्यांची बोटं आपोआप हलायची. चर्चमध्ये बाकावर बसल्या तरी मांडीवर टकटक सुरू. लोक चेष्टा करायचे, "ओलेटाबाईच्या शेजारी बसून बायकोशी भांडू नका रे, कागद कोर्टात जाईल." एकदा पाद्रीबाबांनी दारात विचारलं, "काय बाई, कसं वाटलं प्रवचन?" तर म्हणाल्या, "चांगलं होतं. मागच्या एप्रिलात झालं तेव्हा दोन वाक्यं जास्त होती."

आता कोर्टाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

आमच्याकडं खटला बारा माणसांच्या ज्युरीपुढं चालतो. दोन्हीकडच्या साक्षी संपल्या की जज्ज ज्युरीला कायदा वाचून दाखवतात: अमुक सिद्ध झालं तर दोषी धरा, तमुक असेल तर सोडा. ह्याला सूचना म्हणतात. ह्या सूचनांत काय घालायचं, काय गाळायचं, हे आधी जज्ज आणि दोन्ही वकील मिळून ठरवतात. बाकीच्या कोर्टांत हे स्टेनोच्या समोर, मशीन चालू ठेवून ठरतं म्हणे. आमचे जज्ज हॉलिस बर्डेट ह्यांची रीत निराळी. ते सगळ्यांना आपल्या खोलीत बोलवायचे. कोपऱ्यात लाकडाची शेगडी पेटलेली असायची. घरून बाईसाहेबांनी वाळल्या सफरचंदांचं सारण भरून तळलेल्या करंज्या दिलेल्या असायच्या. आणि साहेब म्हणायचे, "ओलेटा, तू बोटांना जरा विसावा दे. हे आपलं घरातलं बोलणं."

बाईंच्या बोटांची पेरं तेव्हा सुजायला लागली होती. साहेबांनी ते बघितलं होतं. तशी माया होती त्यांची, खोटं कशाला बोलू. तर मशीन कोर्टात राहायचं आणि बाई करंजीची बशी हातात घेऊन शेगडीशी बसायच्या. बावीस वर्षं हे असं चाललं, आणि कुणाचं काही अडलं नाही.

मग डॉयल स्टिलवेलचा खटला आला.

डॉयल कुऱ्हाडींचे, हातोड्यांचे दांडे करायचा. वरच्या खिंडीत घर, बायको जुनेल, चार शिकारी कुत्रे. शेजारी कर्टिस लेड. कर्टिसची एक कुत्री होती, तिच्या नुसत्या आवाजावरून लोक सांगायचे की कर्टिस आज कुठल्या डोंगरावर आहे. ती कुत्री डॉयलच्या कुंपणापाशी मेलेली सापडली. विष होतं, की साप, की आणखी काही, आजवर कुणाला कळलेलं नाही. पण आमच्या डोंगरात कुत्रं मारणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. कर्टिस दांडा घेऊन डॉयलच्या घरी आला. दांडाही डॉयलनंच करून दिलेला.

डॉयल ओसरीवर उभा होता, हातात पॉइंट बावीसची रायफल. त्यानं तीनदा सांगितलं, "कर्टिस, घरी जा." कर्टिसनं दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. गोळी मांडीत गेली आणि हाड फुटलं. त्या दिवसापासून कर्टिस काठीशिवाय चालला नाही. माणूस वाईट नव्हता तो. साक्ष द्यायला आला तेव्हा डॉयलकडं बघून म्हणाला, "ती कुत्री माझ्या अंथरुणात झोपायची रे."

सरकारी वकील गार्लंड स्मूट. त्यानं सगळा भर एका गोष्टीवर दिला: मागचं दार.

"मागचं दार उघडं होतं का?"

"व्हतं," डॉयल म्हणाला.

"गाडी मागं उभी होती?"

"व्हती."

"मग निघून का गेला नाहीस?"

डॉयलला तो प्रश्नच कळला नाही असं त्याचं तोंड झालं. "जाऊ कुठं? घर माझं हाय."

डॉयलचा वकील लायमन पूल. साठीचा, ढगळ कोटाचा, आमच्याच गावचा. साक्षी संपल्या आणि फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी जेवणाच्या आधी सगळे साहेबांच्या खोलीत गेले. तिथं जे झालं ते ओलेटाबाईंनी मला नंतर सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांचं सांगणं तसंच असायचं.

साहेबांनी स्वसंरक्षणाची सूचना वाचली: सुरक्षितपणे निघून जाता येत असेल, तर माणसाला जीवघेणं हत्यार वापरता येत नाही.

लायमन म्हणाला, "साहेब, ह्याच्या पुढचं एक वाक्य राहिलंय." त्यानं टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला. त्यावर होतं: 'मात्र माणूस आपल्या राहत्या घरी असेल आणि भांडण त्यानं काढलेलं नसेल, तर त्यानं निघून गेलंच पाहिजे असं नाही.'

"तो घरात कुठं होता, लायमन? ओसरीवर होता."

"ओसरी म्हणजे घरच की, साहेब. उन्हाळ्यात माणसं तिथं झोपतात."

"तुझ्याकडं झोपत असतील."

"लायमनच्या ओसरीवर शेळी झोपते, साहेब," गार्लंड म्हणाला. "मी गेलो होतो, मला जागा नव्हती."

सगळे हसले. ओलेटाबाईही हसल्या. हे सांगताना त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या होत्या, "मीही हसले, नेल."

लायमन हसून झाल्यावर म्हणाला, "ते असू दे. मला हे वाक्य हवंय, साहेब. मी मागतोय."

"मागितलंस. मी नाही म्हणालो. आता करंजी घे, गार होतेय." आणि साहेबांनी करंज्यांचं ताट त्या कागदावर ठेवलं.

खाऊन झाल्यावर ओलेटाबाईंनी नेहमीसारखं टेबल आवरलं. बशा गोळा केल्या. तेलकट झालेले कागद शेगडीत टाकले. तो कागदही त्यातच गेला.

मग मंडळी कोर्टात येऊन बसली. बाई मशीनशी. साहेबांनी विचारलं, "सूचनांबद्दल दोन्ही बाजूंचं जमलं?"

गार्लंड म्हणाला, "हो, साहेब."

लायमन म्हणाला, "हो, साहेब."

आमच्या काउंटीत त्या 'हो'चा अर्थ एवढाच होता की आत बोलून झालं, आता पुढं चला. आत साहेबांच्या घरचं खायचं आणि बाहेर येऊन भरल्या कोर्टात त्यांना नाही म्हणायचं, ही रीतच नव्हती. लायमनच काय, त्याच्या आधीचे चार वकीलही तसंच म्हणत आलेले. बाईंनी दोन्ही 'हो' टिपले.

ज्युरी पाच तास आत होती. मध्येच त्यांची एक चिठ्ठी आली: 'मागच्या दारानं जाता आलं असतं, तर दोषी धरलंच पाहिजे का?' साहेबांनी खाली लिहून पाठवलं, 'सूचना पुन्हा वाचा.' त्यांनी वाचल्या. त्यांत होतं तेच त्यांना दिसलं. पुढं पेंडीच्या दुकानात ज्युरीचा पुढारी व्हर्जिल सगळ्यांना सांगत होता, "आम्हाला काय हौस होती का? कागदावर लिहिलेलं की जाता येत असेल तर जा. दार उघडं होतं, तो स्वतःच म्हणाला."

पंधरा वर्षं. त्यातली पाच नुसती बंदूक वापरल्याची.

लायमननं अपील लावलं. मुद्दा एकच, ते वाक्य. ओसरी हे घर धरायचं की नाही, ह्यावर त्यानं जुने निकाल काढले, रात्रंदिवस वाचलं. सगळ्यांना वाटत होतं, होईल. गार्लंडसुद्धा एकदा माझ्या खिडकीशी म्हणाला, "ह्यात मी पडणार बहुतेक."

मे महिन्यात ओलेटाबाई तो खटला टाइप करत होत्या. चारशे बाराव्या पानावर त्यांचे हात थांबले. त्यांनी लायमनला फोन केला.

"लायमन, ते वाक्य ह्यात नाही."

"कुठलं वाक्य?"

"तू मागितलेलं. तू मागितलंस हेच ह्यात नाही. ह्यात तू 'हो, साहेब' म्हणालायस."

अपीलाच्या कोर्टाला आमच्या खोलीतलं काही दिसत नाही. त्यांच्यापुढं फक्त बाईंचा गठ्ठा. जे मागितल्याची नोंद नाही, ते मागितलंच नाही.

त्याच संध्याकाळी लायमन बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मीही होते, भाकरी घेऊन गेले होते. मक्याची भाकरी आणि घेवडा वाढला, पण त्यानं हात लावला नाही.

"ओलेटाबाई, एक ओळ. मी खोटं लिहा म्हणत नाही. झालं तेच लिहा."

"झालं. पण मशीनसमोर झालं नाही."

"कुणाला कळणार? मी बोलणार नाही. गार्लंडला आठवत असेल नसेल. साहेब तर गठ्ठा उघडतही नाहीत."

"मी वाचते की."

"तुमची बोटं चर्चमध्येपण चालतात," लायमन काकुळतीला आला. "त्या दिवशी मांडीवर चाललीच असतील. मग टिपल्यासारखंच झालं ना?"

"त्या दिवशी हातात बशी होती, लायमन."

मीही बोलले. आज वाटतं, बोलायला नको होतं. म्हटलं, "घालून टाका ना ओलेटाबाई. तुम्ही ऐकलंय. देवानं ऐकलंय. एका माणसाची पंधरा वर्षं आहेत."

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. म्हणाल्या, "नेल, एकतीस वर्षांचे गठ्ठे आहेत. माझ्या सहीवर किती माणसं आत आहेत, तू मोजलीयस? मी मोजलीयत. उद्या त्यांतल्या एकानं विचारलं, बाई, डॉयलसाठी आठवणीतली ओळ घातलीत, तर माझ्या वेळी आठवणीतलं काय काय घातलंत? मग मी काय सांगू त्याला?"

"कोण विचारतंय?"

"मी विचारीन की."

लायमननं टोपी उचलली. दारात थांबून म्हणाला, "मग प्रतिज्ञापत्र तरी द्या. तुम्ही ऐकलं म्हणून."

"ते देते. ते माझं बोलणं असेल. त्यावर हवी तेवढी सही करते."

दोन दिवसांनी जुनेल स्टिलवेल आली. लायमननं तिला सांगितलं असावं. ती ओसरीवर चढलीच नाही, खालीच उभी राहिली. टोपलीत अंडी आणलेली, ती पायरीवर ठेवली.

"तुमी ऐकलं न्हवं ओलेटाबाई?"

"ऐकलं, जुनेल."

"सगळं ऐकलं?"

"सगळं."

"मग लिवा की," जुनेल म्हणाली. "मला लिवता येत आसतं तर मी लिवलं आसतं."

बाईंनी तिला समजावून सांगितलं. किती समजलं कोण जाणे. जाताना जुनेल अंडी परत घेऊन गेली. त्यात राग नव्हता, मला वाटतं. नकार मिळालेल्या घरी वस्तू ठेवून जायची आमच्यात पद्धत नाही. पण ओलेटाबाई ती पायरी बघत बराच वेळ उभ्या होत्या.

प्रतिज्ञापत्र गेलं. अपीलाच्या कोर्टानं ते उलट आमच्याकडंच पाठवलं: खालच्या जज्जांनी चौकशी करून ठरवावं, असं बोलणं झालं होतं की नाही. म्हणजे आपल्या खोलीत काय झालं, हे बर्डेटसाहेबांनीच ठरवायचं.

ऑगस्टमध्ये ती चौकशी झाली. बाई साक्षीदार, म्हणून टिपायला शेजारच्या जिल्ह्यातली एक तरुण मुलगी आणली होती. एकतीस वर्षांत ओलेटाबाई पहिल्यांदा साक्षीदाराच्या खुर्चीवर बसल्या. दर वाक्यानंतर थांबत होत्या, मुलीची बोटं पोचली की पुढचं बोलत होत्या. बाईंनी सगळं सांगितलं. शेळीचं सांगितलं. आपण हसल्याचंही सांगितलं. लोक हसले नाहीत.

मग गार्लंड उठला. त्याचाही चेहरा उतरला होता, पण काम ते काम.

"ओलेटाबाई, गठ्ठ्यावर सही तुमची?"

"माझी."

"वर काय लिहिलंय?"

"हे खरं आणि पुरतं आहे."

"आहे का?"

"कोर्टात बोललं गेलं तेवढं पुरतं आहे."

"त्यात मिस्टर पूल 'हो, साहेब' म्हणालेत. म्हणाले होते?"

"म्हणाले होते."

"कागद दिला म्हणता. तो कुठाय?"

"मी शेगडीत टाकला."

"तुम्ही?"

"टेबल मी आवरते," ओलेटाबाई म्हणाल्या.

"मीही त्या खोलीत होतो," गार्लंड साहेबांकडं वळून म्हणाला. "बोलणं बरंच झालं. पण हेच वाक्य ह्याच शब्दांत मागितलं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही." शेळीचं आठवत होतं, हे मात्र त्यानं कबूल केलं.

लायमनही शपथेवर बोलला. पण वकिलाला आपली चूक झाकायचीच असते, असं सगळ्यांनी मनात धरलेलं.

बर्डेटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "ओलेटा टॅकेट खोटं बोलते असं मी म्हणणार नाही, आणि दुसरं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही. पण त्या टेबलावर मी बावीस वर्षं सूचना ठरवल्यात. एका दिवसाचं एक वाक्य मला आठवत नाही. जे मला आठवत नाही, ते घडलं म्हणून मी सही करू शकत नाही." बोलताना ते तरुण मुलीच्या मशीनकडं बघत होते. बाई त्यांच्याकडं बघत होत्या.

त्यांना खरंच आठवत नव्हतं का? मला लोक विचारतात. मी सांगू शकत नाही. त्या दिवसानंतर त्यांनी खोलीतली बैठक बंद केली. सगळं कोर्टात, मशीन चालू ठेवून. करंज्या आल्या नाहीत. बाई मात्र मला एवढंच म्हणाल्या होत्या, "त्यांनी सही केली नाही, नेल. त्या ओळीवर मीही केली नव्हती. मग मी त्यांना काय बोलू?"

निकाल जानेवारीत आला. नऊ पानं. मीच शिक्का मारला. ओसरी घर आहे की नाही, ह्यावर त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की आरोपीच्या वकिलानं हे वाक्य मागितल्याची नोंद नाही, उलट सूचना मान्य असल्याची नोंद आहे, आणि नोंद करणाऱ्या बाईंची अचूकता दोन्ही बाजूंना मान्य आहे. अपील फेटाळलं. पुढं लायमननं 'चूक माझी, शिक्षा डॉयलला का' म्हणून स्वतःच्याच विरुद्ध अर्ज केला. तोही फेटाळला गेला. त्या वर्षी लायमननं वकिलीची पाटी उतरवली.

निकाल जुनेलला वाचून कोण दाखवणार, तर ओलेटाबाई म्हणाल्या, मी जाते. मी गाडी चालवली. जुनेलनं आम्हाला त्याच ओसरीवर बसवलं. बाईंनी नऊ पानं वाचली, कोर्टात साक्ष वाचून दाखवायच्या त्याच आवाजात, चढ नाही उतार नाही. 'अचूकता' आलं तिथं थांबल्या नाहीत. जुनेल हात मांडीवर ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हंजी तुमी लई चांगलं काम करता म्हनून."

"हो," ओलेटाबाई म्हणाल्या.

"चा घेता?"

आम्ही चहा घेतला. बर्फाचा, गोड. तिनं केला म्हणून घेतला.

मार्चमध्ये बाईंनी नोकरी सोडली. पेरं दुखतात म्हणून सांगितलं, आणि दुखतही होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या जुनेलला घेऊन तुरुंगात जायला लागल्या. तुरुंग खाली कापसाच्या सपाटीवर, गाडीनं चार तास. जुनेलला मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटायची. दोघी वाटेत काय बोलायच्या ठाऊक नाही. बहुधा काही नाही. डॉयलनं पहिल्याच वेळी जुनेलजवळ सांगून टाकलं, "त्या बाईला आत आणू नको." मग जुनेल आत जायची आणि ओलेटाबाई कुंपणाबाहेर गाडीत बसायच्या. दोन तास. खिडकी खाली करून. असे सात महिने.

आठव्या महिन्यात मीही सोबत होते. बाईंना थंडी झेपत नव्हती. जुनेल आतून परत आली आणि म्हणाली, "बोलवलंय."

मी बाईंना हात धरून आत नेलं. डॉयल वाळला होता. उन्हात तुरुंगाच्या शेतावर खुरपं मारून मानेचं कातडं काळं पडलेलं. बोलायच्या आधी त्यानं पायानं खुर्ची सरळ केली.

"इथं डोळ्याला उतार न्हाई," तो म्हणाला. "नुसतं सपाट. बघंल तिथं संपतंच न्हाई."

"हो, लांबवर दिसतं," बाई म्हणाल्या.

"कर्टिस चालतो का?"

"काठी घेऊन. उतरणीला अडकतो."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "तुमी ती वळ घातली आसती, तर मी आज घरी आसतो का?"

मला वाटलं बाई काहीतरी सांभाळून बोलतील. देवाला ठाऊक, असं काहीतरी. त्या म्हणाल्या, "बहुतेक असतास."

"आन ती वळ खोटी आसती?"

"नाही."

"मग?"

ओलेटाबाई म्हणाल्या, "मग काही नाही, डॉयल. मी घातली नाही."

"मी आसतो तर घातली आसती."

"ठाऊक आहे."

तो रागावला असेल तर दिसला नाही. टेबलावरचा शीतपेयाचा डबा त्यानं बाईंकडं सरकवला. बाईंनी एक घोट घेतला आणि परत सरकवला. मग तो जुनेलशी कुंपणाच्या खांबांबद्दल बोलायला लागला, कुठला बदलायचा, कुठला अजून दोन हिवाळे निघेल.

त्यानंतर बाई दर वेळी आत जात. चार वेळा. पाचव्या वेळी त्या दवाखान्यात होत्या आणि एप्रिलात गेल्या. जुनेलनं मयतीला घेवड्याचं भांडं आणलं, मोठं, आणि ते घरी परत नेलं नाही.

आता पहिल्या रविवारी मी जाते तिच्याबरोबर. मुदतीआधी सुटकेचा अर्ज दोनदा फिरून आलाय. दोन्ही वेळा कागद मीच भरला आणि जुनेलनं अंगठ्याशेजारी जमेल तशी सही केली. तिसरा अर्ज येत्या शरदात करता येईल. नाही झाला, तर डॉयलची अजून सहा वर्षं आणि दोन महिने आहेत, आणि जुनेल बासष्ट वर्षांची आहे.